मिठाच्या कणकेचा देश

चार वाट्या मैदा, दोन वाट्या मीठ, पाणी अंदाजानं.
क्रॅटोकविलबाईंनी कृती लिहून पाठवली होती,
खाली दोन रेघा मारून: खाऊ नये.
शुक्रवारपर्यंत नकाशा हवा. उंचसखल,
पुठ्ठ्यावर, नावाच्या चिठ्ठ्या लावलेला.

कोझॅड, नेब्रास्का. बाहेर उणे बारा.
लसूणघासाच्या गिरणीतले हिशेब संपवून मी आलेली,
मी मळत होते, केतकी हुकूम सोडत होती.
पूर्वेचे डोंगर आधी. म्हातारे आहेत, ती म्हणाली,
फार उंच नको, झिजलेत.
करंजीच्या कडेला घालतात तशी मुरड घालत गेले,
अलाबामापासून मेनपर्यंत.
त्यांच्या पायाशी किनाऱ्याची सपाटी,
आखाताकडे ओलसर, खाजणासारखी,
आणि फ्लोरिडा, जो पहिल्यापासूनच लोंबत होता.

रॉकीजना कणीक पुरेना.
मैदा संपला तेव्हा ज्वारीचं पीठ ओतलं.
म्हणून कोलोरॅडोपासून पुढचा देश जरा करडा आहे.
त्यापलीकडे ते खोरं, जिथल्या नद्या
समुद्राला पोचतच नाहीत, आतल्या आत जिरतात,
घरातलं घरात ठेवणाऱ्या माणसांसारख्या.
मग पुन्हा डोंगर, मग उतार, मग चिंचोळी पट्टी.
"हे कोकण," माझ्या तोंडून निघून गेलं.
"आणि वरचं सपाट?"
"देश."
"अख्खाच देश आहे ना, आई?"
हाताला चिकटलेलं पीठ काढता काढता सांगितलं,
घाट चढून आलं की जे लागतं
त्याला आमच्याकडे देश म्हणतात.
कोकणातली माणसं म्हणायची, मुलगी देशावर दिली.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग मधल्या उघड्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून:
"आणि आपण?"
उरलेला गोळा लाटून मी तिथे पसरला.
पोळीसारखा. त्यात करण्यासारखं काय होतं?

तेवढ्यात ऑर्विल लिंडग्रेन दारात,
पायऱ्यांवर बर्फ धरलाय, मीठ आहे का?
मीठ सगळं देशात गेलं होतं.
टोपी हातात घेऊन तो नकाशाकडे पाहत राहिला.
चाळीस वर्षं त्यानं या मातीत बोअर मारलेत.
"सपाट नाही हे," तो म्हणाला,
"डोंगरापासून इथवर जमीन उतरतच आलीय,
इतकी सावकाश की गाडीलासुद्धा कळत नाही.
आणि खाली पाणी. तळं नव्हे, हं,
वाळूच्या कणाकणाला धरून बसलेलं.
कॅन्ससकडे खाली चाललंय. इथे आहे अजून."
मी त्याला चुलीतली राख दिली. राखही चालते म्हणाला.

तो गेल्यावर केतकीनं पोळीची कड उचलली,
खालचा पुठ्ठा निळ्या खडूनं रंगवला,
डकोटापासून टेक्ससपर्यंत,
आणि पोळी पुन्हा नीट झाकली.
"दिसणार कुणाला?" मी विचारलं.
"कुणालाच नाही," ती म्हणाली, खडूचं टोपण लावत.

रात्रभर हीटरजवळ ठेवला.
आमच्या गावातून शंभरावं रेखावृत्त जातं,
मोठ्या रस्त्यावर तसा फलक आहे.
त्याच्या पूर्वेला पाऊस पुरतो,
पश्चिमेला पुरवून वापरावा लागतो, असं इथले लोक सांगतात.
भेग पडायची तर कॅलिफोर्नियात, असं मला वाटलं होतं.
पडली ती बरोबर आमच्या घरावरून,
आणि तिच्यातून धाग्याएवढं निळं.

फ्लोरिडा बसमध्ये राहिला. त्याचे दोन गुण गेले.
बाकी चिठ्ठ्या ठीक होत्या, एक सोडून:
मधल्या पोळीवर तिच्या वाकड्या अक्षरात, मराठीत, "देश".
बाईंनी शेजारी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय.
केतकी म्हणते, तोंडी विचारलं की सांगेन.